देदाच्या उताराची नोंद

सास्काटून,
५ जानेवारी १९९७

चि. फ्रेड यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत पाठीत दोन धपाटे. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र काल पोचलं. इथे उणे छत्तीस आहे. सकाळी वॉल्टरची गाडी सुरू होत नाही आणि वॉल्टरही होत नाही. बाकी आम्ही ठीक. तू पाठवलेली वाळवलेली शेपू बीटच्या सुपात, बोर्शमध्ये घातली. वॉल्टर तीन वाडगे प्यायला आणि म्हणाला की तुझ्या भावाला दुसरं काही जमो न जमो, शेपू मात्र झकास जमते. तेवढं कौतुक पुरे, आता धपाट्यांचं कारण सांगते.

कचेरीतला तो नवा साहेब तुला म्हणतो की तुमच्या बर्फाच्या रोजच्या तक्त्यात उत्तरेकडच्या उतारांची नोंद कधीच नसते. आणि तेवढ्यावरून तू देदाचा उतार तक्त्यात घालायला निघालास? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? सकाळी तू तक्ता फॅक्स करतोस, दुपारी टेलिफोनवरच्या हिमस्खलनाच्या सूचनेत ते सगळ्या प्रांताला ऐकू जातं. पुढच्या शनिवारी व्हँकुव्हरच्या गाड्या आपल्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहतील. शेजारच्या खोऱ्याचे फोटो एकदा मासिकात आले, तर आता तिथे हेलिकॉप्टर उतरतं आणि गाववाल्यांना स्वतःच्या डोंगरावर जायची चोरी झाली आहे. हे सगळं पाहून तुला पुन्हा तेच करायचंय?

बाबांनी तो उतार शोधला तेव्हा पाठीला स्की बांधून लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेने चार तास चढावं लागायचं. नातवंडं त्यांना देदा म्हणायला लागली आणि उतारालाही तेच नाव पडलं. त्यांनी आपल्याकडून कधी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले होते की घरचा माणूस सोडून तिथे कुणाला नेऊ नका आणि कुणाला सांगू नका. तुझ्या तक्त्यात बाकीचे वीस उतार आहेत, त्यांच्यावर साहेबाचं पोट भरू दे. देदाच्या उताराचं नाव तिथे दिसलं तर मी तुझी बहीण नाही.

लारिसाच्या पत्रात हल्ली दर दोन ओळींनी कुणी ड्र्यू हॅलेट येतो. तू पाहिलंस का त्याला? मामा म्हणून जरा लक्ष ठेव. तेवीस वर्षांची झाली तरी तिला अक्कल आली आहे असं मला अजून वाटत नाही.

कळावे. माझा लोभ आहेच, पण सध्या तो तुझ्या तोंडाला लागलेल्या कुलपावर टिकून आहे.

तुझी ताई,
पॉली

•

हेरॉन क्रीक,
२२ जानेवारी १९९७

ती. सौ. ताईस फ्रेडचा सा. न. वि. वि.

धपाटे पोचले, पाठ अजून दुखते आहे. तुझी आज्ञा मानली. साहेबाला सांगितलं की उत्तरेकडे जायला वाट नाही. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो आहे टोरांटोचा, त्याला इथली वाट काय माहीत.

इथली हवा मात्र वाईट झाली आहे. नऊ तारखेपासून आठवडाभर आभाळ मोकळं आणि दरीत धुकं. बर्फावर गोठलेल्या दवाची पिसं उगवली, माझ्या करंगळीएवढी लांब. उन्हात अशी चमकतात की नवखा माणूस खुळावतो आणि माझ्यासारखा वर बघून शिव्या घालतो. त्यानंतर वर गुडघाभर नवा बर्फ पडला, तो पिसांच्या टोकांवर नुसता ठेवलेला आहे, खाली धरत नाही. उन्हाच्या बाजूच्या उतारांवरची पिसं वितळून गेली, म्हणून माझे वीसच्या वीस उतार अगदी शहाण्यासारखे वागताहेत आणि सूचनेत धोका मध्यम सांगतात. देदाच्या उताराला ऊन लागत नाही. तिथे सगळी पिसं शाबूत आहेत.

काल दुपारी एकटाच वर गेलो होतो. ओरडू नकोस. धारेवरून पहिलं पाऊल टाकलं तोच पायाखाली धप्प झालं आणि डावीकडे साठ पावलं रुंद बर्फाची लादी सुटली. गुडघाभर जाडीची. खाली अल्डरच्या झुडपांपर्यंत गेली. मी कडेच्या फरच्या झाडाला मिठी मारून उभा होतो. पन्नाशीला आलेला माणूस झाडाला अशी मिठी मारून उभा असलेला तू पाहिला असतास तर आठवडाभर हसली असतीस. उजवीकडचा सगळा उतार तसाच लटकून राहिला आहे. महिनाभर मी काही तिथे फिरकत नाही.

घरी येऊन तक्ता भरला. ‘आज सुटलेल्या लाद्या’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि आज सकाळी फॅक्स केला. आता तरी धपाटे परत घे.

लारिसा नाताळनंतर इकडे आलेली नाही. तिला त्या ड्र्यूला देदाच्या उतारावर न्यायचं होतं. मी म्हटलं की आधी लग्न कर, म्हणजे तो घरचा माणूस होईल, मग खुशाल ने. दार आपटून गेली. रागाच्या बाबतीत अगदी तुझ्यावर गेली आहे.

वॉल्टरला नमस्कार. शेपू आणखी पाठवतो. लोभ वाढवावा, निदान धपाट्यांपेक्षा जास्त असावा.

तुझा,
फ्रेड

•

सास्काटून,
६ फेब्रुवारी १९९७

फ्रेड,

‘चि.’ लिहायला गेले आणि हात अडला. आज आशीर्वाद नाही, वि. वि. नाही. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू नुसता घसा साफ करतोस आणि मला शिव्या आवरणार नाहीत.

काल संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले. टपालाच्या पेटीत तुझं बावीस तारखेचं पत्र होतं. कोटसुद्धा न काढता उभ्याने वाचलं. मग बसले, आणि पुन्हा वाचलं.

दहा दिवस, फ्रेड! दहा दिवस आपण हॉस्पिटलातल्या एकाच बाकावर बसलो. तू रोज बोर्शचा डबा आणायचास. लारिसाच्या मांडीत सळई घालत होते तेव्हा तू माझा हात धरून बसला होतास. मी तुला विचारलं होतं की सूचनेत धोका मध्यम सांगितला असताना असं झालंच कसं. तू माझ्या तोंडावर म्हणालास की डोंगराचं कुणी सांगावं. तू सांगू शकत होतास! तू एकटाच सांगू शकत होतास! आणि तुला पक्कं माहीत होतं की तुझं पत्र इथे माझ्या पेटीत पडून आहे. मी घरी गेले की मला सगळं कळणार, हे मनात ठेवून तू मला बसमध्ये बसवून दिलंस आणि वाटेत खायला पिरोग्या दिल्यास.

माझी मुलगी शनिवारी त्या मुलाला घेऊन गेली. तू रागावशील म्हणून गाडी तुझ्या घरापासून लांब, पुलापाशी लावली आणि तुला न भेटता वर चढली. गुरुवारी-शुक्रवारी नवा बर्फ पडून तुझ्या लादीची खूण झाकली गेली होती. ड्र्यू आधी उतरला, दुसऱ्या वळणाला सगळा उतार सुटला. लारिसा झाडावर आदळली. मोडलेल्या मांडीने सरपटत, बर्फाखालच्या माणसाचा माग देणाऱ्या बीकनचा आवाज ऐकत तिने त्याला शोधलं आणि एका पायावर बसून पन्नास मिनिटं खणत राहिली. तो तिला सापडला तेव्हा गार झाला होता. जुन्या वाटेवरच्या दोघांनी तिची शिट्टी ऐकली नसती तर तीही आज नसती.

आणि आता गाव तिला बोल लावतं आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात ड्र्यूची आई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की तुमच्या मुलीने माझ्या मुलाला तिथे नेलं. मी मान खाली घातली. तू दोन पावलांवर उभा होतास. तूही घातलीस. तू का घातलीस ते मला काल कळलं.

नाव झाकायचं होतं तर ‘उत्तरेकडचा एक उतार’ एवढंच लिहायला तुझं काय जात होतं? त्या एका रकान्यात तुला खोटं लिहायची काय गरज होती?

१ मार्चला स्की क्लबाने गावच्या सभागृहात सभा बोलावली आहे. हॅलेट नवरा-बायको येणार आहेत. तू तिथे उभा राहून खरं सांग. नाहीतर तुझं पत्र मी मिसेस हॅलेटला पाठवीन. धमकी म्हण, काही म्हण.

लोभाचं नंतर पाहू.

पॉली

•

हेरॉन क्रीक,
१३ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस सा. न. तुला नको असला तर पाकिटातच राहू दे.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, आणि तरी तुझ्या तोंडी शोभत नाही.

‘उत्तरेकडचा एक उतार’ म्हणे! सास्काटूनच्या सपाट जमिनीवर बसून लिहायला सोपं आहे. या दरीत मी कुठे जातो ते कुत्र्यांनाही ठाऊक आहे. ‘उत्तर’ हा शब्द तक्त्यात दिसता तर दुपारपर्यंत माझ्या पावलांच्या खुणांवरून दहाजण वर चढले असते. आणि तसं व्हायला नको म्हणून कोण कंठशोष करत होतं? तुझं ५ जानेवारीचं पत्र माझ्या कपाटात आहे. उताराचं नाव दिसलं तर मी तुझी बहीण नाही, असं लिहिणारी कोण? मी साहेबाला जवळजवळ होकार दिला होता, ताई. नव्या नकाशाची घडी टेबलावर उघडून ठेवली होती. तुझं पत्र आलं आणि मी ती बंद केली.

पाठव माझं पत्र मिसेस हॅलेटला. मी तुझं पाठवतो. दोन्ही एकाच पाकिटात घालू, म्हणजे वाचायला क्रम लागेल.

दहा दिवस गप्प का बसलो विचारतेस. रोज घरून सांगायचं ठरवून निघायचो. तू डबा उघडायचीस आणि म्हणायचीस की फ्रेड, तू नसतास तर माझं काय झालं असतं. त्याच्यापुढे माणसाने तोंड कसं उघडावं, तूच सांग. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बीट चिरायला घ्यायचो.

तुला आणखी एक सांगतो, ते पत्रात नव्हतं. शनिवारी शोधपथकाबरोबर मीही वर गेलो होतो. उतार जिथून फाटला त्या नव्या तुटीच्या डाव्या टोकाला माझी मंगळवारची जुनी तूट होती, नव्या बर्फाखाली. पथकातल्या कुणाच्या ध्यानात आली नाही. मी तिच्यावरून स्की ओढत पुढे गेलो. लारिसाला स्ट्रेचरवर बांधलं तेव्हा ती माझा हात धरून म्हणत होती की मामा, मी तुझा तक्ता ऐकून आले होते. तेव्हापासून मला जेवण जात नाही. पण तुझ्यापुढे रडगाणं गायची माझी इच्छा नाही.

पंचवीस वर्षं तक्ता भरतोय. तापातसुद्धा एक दिवस चुकवला नाही. सभेत उभा राहिलो तर ही पंचवीस वर्षं गेली. लोक म्हणतील की हा माणूस आणखी किती वेळा खोटं बोलला असेल? मी त्यांना काय उत्तर देऊ?

रागावलेला पण तुझाच,
फ्रेड

•

सास्काटून,
१९ फेब्रुवारी १९९७

फ्रेड,

ते पत्र मी लिहिलं होतं हे विसरले नव्हते. विसरल्यासारखं करत होते. तू दोन ओळींत ते सोंग उतरवलंस, आणि त्याबद्दल मला तुझा भयंकर राग आला आहे.

वॉल्टरने तुझी दोन्ही पत्रं वाचली. त्याला कधी आवाज चढवताना तू पाहिलं नसशील, मीही फारसं नाही. काल तो ओरडला. म्हणाला की तुम्ही दोघं कुणाचं पाप लहान यावर भांडताय आणि पोरगी तिकडे सगळ्या गावाचं ओझं एकटी वाहते आहे. ती वाहते ते तिचं तरी आहे का, हे तिला सांगायचीसुद्धा तुम्हाला लाज वाटते. मग तो गॅरेजमध्ये जाऊन बंद पडलेल्या गाडीत बसून राहिला.

म्हणून मी मिसेस हॅलेटला काही पाठवलेलं नाही. माझं ५ जानेवारीचं पत्र आठवेल तसं पुन्हा लिहून काढलं. कुलूप, धपाटे, साहेबाचं पोट, काही गाळलं नाही. ते आणि तुझं बावीस तारखेचं, दोन्ही लारिसाला पाठवली आहेत. आज सकाळी टपालात पडली. तिला जे करायचं ते ती करेल. तिने तुझं तोंड पाहिलं नाही तर मला बोलू नकोस, माझंही पाहीलच असं नाही.

तुझ्या पंचवीस वर्षांचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण तो मुलगा एकूण पंचवीसच वर्षांचा होता.

ताई

•

नेल्सन,
२५ फेब्रुवारी १९९७

ती. आई आणि ती. मामा यांस,

एकच पत्र दोघांना लिहिते आहे, मैत्रिणीने दोन प्रती काढून आणल्या, दोन्ही एक्सप्रेस टपालाने टाकते. नमस्कार केला आहे असं समजा. वाकता येत नाही, आणि आलं असतं तरी आज वाकले नसते.

तुमची पत्रं वाचून मी कुबडी भिंतीवर फेकली. घरमालकिणीची तसबीर फुटली. मग ती उचलायला मला कुणाला तरी हाक मारावी लागली, त्याचा आणखी राग आला.

मामा, मंगळवारी लादी सुटली आणि तू ‘नाही’ लिहिलंस. आई, तुझ्यासाठी त्याने ‘नाही’ लिहिलं. मला त्या उतारावर काय आहे हे सांगण्यापेक्षा कुणाला न्यायचं नाही हे सांगायला तुम्हाला जास्त आवडलं. महिनाभर मी खाटेवर पडून हिशेब लावते आहे की माझं कुठे चुकलं. तुम्ही दोघं माझी उशी नीट करत होता.

पण आता माझं ऐका. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वर पोचल्यावर मी खड्डा खणला होता. कोर्समध्ये शिकवला तसाच, ठोकळा कापून त्यावर फावडं ठेवून. दहा थापा मनगटाने मारायच्या, मग दहा कोपराने, मग दहा खांद्यापासून. मनगटाच्या चौथ्याच थापेला ठोकळा पिसांवरून सरकला, कपाटाचा खण ओढावा तसा. ड्र्यू म्हणाला की परत जाऊ या. स्पष्ट म्हणाला, दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं की मामाच्या तक्त्यात काही नाही. मामा चाळीस वर्षं इथे फिरतोय, या आठवड्यात तो इथे येऊन गेला असणारच, काही दिसलं असतं तर त्याने लिहिलं असतं. माझ्या हातातला बर्फ खोटा आणि मामा खरा, असं मी धरून चालले. ड्र्यू माझ्याकडे बघून हसला आणि आधी जातो म्हणाला, कारण मला बूट घट्ट करायचे होते.

आमच्यात ठरलेलं असतं की एकजण माघारी फिरू या म्हणाला की सगळ्यांनी माघारी फिरायचं, कारण विचारायचं नाही. मी ते मोडलं. सोमवारी मी मिसेस हॅलेटना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तर माझा वाटा मी उचलला आहे. तुमचा मी उचलणार नाही, आणि तुमच्या वतीने पोचवणारही नाही. तुमची पत्रं परत पाठवते आहे. शनिवारी सभा आहे. मामा, तू जा. आई, तूही बसने ये. मी येणार नाही. मला तुम्हा दोघांचे चेहरे पाहायचे नाहीत.

लोभ आहे, तो काही केल्या जात नाही, त्याचाच तर संताप येतो.

लारिसा

•

हेरॉन क्रीक,
३ मार्च १९९७

चि. लारिसा हिस,

आशीर्वाद द्यायला मी लायक उरलो नाही, तरी हात सवयीने लिहितो.

सभा झाली. साठएक माणसं होती. टेबलावर नेहमीसारखी भाकरी, मीठ आणि पाणी ठेवलं होतं. वीस वर्षं मी आपल्या रशियन लोकांच्या प्रार्थनेला गेलो नाही, त्यामुळे त्या भाकरीकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटत होती. तुझी आई पहाटे बसमधून उतरली होती, कोटाच्या चुण्या तशाच. तोंड फिरवून, पण माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली.

मी उभा राहिलो आणि एकवीस जानेवारीचा तक्ता वाचला. मग म्हटलं की हे खोटं आहे, आणि खरं काय झालं ते सांगितलं. उतार कुठे, वाट कुठून, लादी केवढी, सगळं. तुझी आई मध्येच उठली आणि म्हणाली की याला गप्प राहायला मी सांगितलं होतं, तेही लिहून घ्या. सगळं लिहून होईपर्यंत ती खाली बसली नाही.

मग लोक बोलले. मेबल सामोरोडिनने मला नाही नाही ते ऐकवलं. म्हणाली की पंचवीस वर्षं तुझा कागद वाचून मी नातवंडांना डोंगरावर सोडते, यातली किती पानं खरी ते आता मला कोण सांगणार? मी सांगितलं की हे एकच पान खोटं आहे. ती म्हणाली की हेसुद्धा तूच सांगतोयस. मागून कुणीतरी निर्लज्ज म्हणालं, तेही बरोबरच होतं.

शेवटी मिसेस हॅलेटसमोर गेलो आणि आपले म्हातारे क्षमा मागताना वाकत तसा वाकलो, कपाळ जमिनीला टेकवून. त्यांना आपली रीत माहीत नाही. त्या म्हणाल्या की उठा, मला तुमच्या पाठीशी बोलायचं नाही. उठलो. त्यांनी विचारलं की तुम्ही खरं लिहिलं असतं तर सूचनेत काय आलं असतं. मी म्हटलं, उत्तरेकडचे उतार टाळा, असं आलं असतं. त्या म्हणाल्या की ड्र्यू दर शुक्रवारी त्या नंबरावर फोन करायचा आणि सूचना कागदावर उतरवून फ्रिजवर लावायचा. त्या शुक्रवारचा कागद अजून तिथेच आहे, त्याच्यावर ‘मध्यम’ लिहिलंय. एवढं बोलून नवऱ्याचा हात धरून निघून गेल्या. तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

साहेबाने तक्त्यांची वही आणि पावसा-बर्फाची मापं मागून घेतली. दिली. काल रविवारी आपल्या कुंपणापाशी अकरा गाड्या होत्या. मी रस्त्यावर उभा राहून प्रत्येकाला वर जाऊ नका म्हणून सांगितलं. काहींनी ऐकलं. एकाने विचारलं की तुम्ही कोण सांगणार.

ताई आजच्या बसने गेली. जाताना म्हणाली की तिला माझा राग आहे आणि तो बरेच दिवस राहणार आहे. मी म्हटलं की मलाही तिचा आहे. मग तिने माझा मफलर नीट केला.

तू पत्र लिहावंस अशी अपेक्षा नाही.

तुझा मामा,
फ्रेड

•

नेल्सन,
१६ मार्च १९९७

ती. मामास,

नमस्कार कोरडाच आहे, पण आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू सभेत बोललास म्हणून मी तुला माफ केलं, असं कुणी तुला सांगितलं तर ते खोटं आहे. रात्रंदिवस मी तुझ्याशी मनात भांडते. त्यातली निम्मी भांडणं स्वतःशी असतात, ती वेगळी.

गेल्या आठवड्यात मी कुबड्यांवर कचेरीत जाऊन साहेबाला भेटले. खड्ड्याचं सगळं सांगितलं आणि हेरॉन क्रीकचा तक्ता मला द्या म्हटलं. तो माझ्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला की ज्या मुलीचा खड्डा चौथ्या थापेला सरकला आणि तरीही जी उतरली, तिच्या नोंदीवर लोकांनी का विश्वास ठेवावा? मी म्हटलं की ठेवू नका, रोज सकाळी मला उलट प्रश्न विचारा, मी चिडणार नाही. त्याने हंगाम संपेपर्यंत, एप्रिलअखेर, परीक्षा म्हणून दिला आहे. पहिल्याच तक्त्यात देदाच्या उताराचं नाव, उंची आणि दिशा लिहायची, हे मीच त्याला सांगितलं. तो वहीत टिपून घेत होता तेव्हा मला रडू आलं, आणि त्याला वाटलं की पाय दुखतोय.

मला अजून खणता येत नाही. डॉक्टर म्हणतात जूनशिवाय पायावर भार नको. रस्त्याकडेच्या सपाटीवर खुर्ची टाकून मी बसू शकते आणि लिहू शकते, पण खड्डा दुसऱ्या कुणालातरी खणायला हवा. या खोऱ्यात तुझ्याइतका सरळ खड्डा कुणी खणत नाही, हे मला मनाविरुद्ध लिहावं लागतंय.

तेव्हा पंचवीस तारखेला, मंगळवारी, सकाळी सातला पुलापाशी ये. फावडं तुझं आण, माझं तिथेच बर्फात राहिलं. बोर्श आणू नकोस. सॉरी म्हणू नकोस, आणि माझी चौकशी करू नकोस. मला तुझ्याशी अजून काहीही बोलायचं नाही.

तू खणायचंस, मोजायचंस आणि थापा मारायच्यास. मी लिहीन. पण आकडे मोठ्याने सांगायचे, मामा, पार रस्त्यापर्यंत ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.

तुझी भाची,
लारिसा